धरणातला मोठा कटला: गळ टाकायला शिकणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात गळ टाकणारी दोन माणसं भेटली की दुसऱ्या वाक्याला विषय आमिषावर येतो. कुणी कणकेत वेलदोडा घालतो, कुणी मध, कुणाकडे आज्यापासून चालत आलेली कसली तरी मुळी असते आणि ती तो कुणाला दाखवत नाही. नवा माणूस हे सगळं ऐकतो, बाजारातून पिशवीभर वासाचं सामान आणतो आणि गाडी लावायला सावली असेल त्या काठावर बसतो. संध्याकाळपर्यंत चार चिलापी लागतात. माझं मत सरळ आहे. मोठ्या माशाच्या बाबतीत जागा बारा आणे आणि आमिष चार आणे. म्हणून इथे सुरुवात पाण्यापासून करतो, पीठ मळायचं नंतर.

मोठा मासा म्हणजे पाच किलोच्या पुढचा कटला असं धरा. हल्ली मोबाइलवर बर्फाला भोक पाडून रेनबो ट्राउट काढणाऱ्यांचे व्हिडिओ बघून बरेच जण या नादाला लागतात. नाद चांगलाच आहे, फक्त त्या व्हिडिओतली दोन-अडीच फुटी काठी ऑनलाइन स्वस्त दिसली म्हणून मागवू नका. ती भोकाच्या तोंडाशी बसून सरळ खाली सोडायची काठी आहे, तिला फेक नाही. आपल्याला काठावरून तीस-चाळीस मीटर आत फेकावं लागतं. ट्राउटला पाणीही गार लागतं. निलगिरी, मुन्नार, हिमाचल, काश्मीर इथे तो जगतो, आपल्या धरणात त्याचा निभाव लागणार नाही.

आधी परवानगी, आणि ती का

कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. आपल्या धरण-तलावांत ते आले ते बीज सोडल्यामुळे. बहुतेक पाण्यावर मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असतो. संस्था पैसे भरते, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून सोडते, तिचे सभासद जाळी टाकून पोट भरतात. म्हणजे तुम्ही ज्या माशावर डोळा ठेवून आहात ते कुणाचं तरी पीक आहे. उसाच्या फडात न विचारता शिरून ऊस मोडून घेतला तर मालक काय म्हणेल, तेच इथे. काठावरच्या गावात जाऊन ठेका कुणाकडे आहे ते विचारा, संस्थेच्या चेअरमनना किंवा सेक्रेटरींना भेटा, ‘दादा, गळ टाकायला बसू का, काय फी असेल ती सांगा’ एवढं म्हणा. काही ठिकाणी दिवसाची फी घेतात, काही ठिकाणी मासा नेला तर किलोवर पैसे, काही ठिकाणी चहावर भागतं. नाही म्हणाले तर वाद घालू नका, दुसरं पाणी बघा. गावतलाव आणि पाझर तलावांवर ग्रामपंचायतीत विचारावं लागतं.

याचा एक फायदा परवानगीपेक्षा मोठा आहे. जाळंवाल्यांना पाण्याचा तळ पाठ असतो. जाळं कुठे अडकतं, मोठा माल कुठल्या वळणात निघतो, हे ज्याला माहीत आहे त्याच्याशी तुमची ओळख झाली. ती सांभाळा. त्यांच्या जाळ्याच्या खुणा तरंगताना दिसल्या तर त्यांच्या आसपास गळ टाकायचा नाही. एकदा तुमच्या गळानं त्यांचं जाळं फाटलं की पुढच्या वेळी काठावर बसायला मिळणार नाही.

राधानगरी आणि काळम्मावाडी या दोन्ही धरणांच्या फुगवट्याला, म्हणजे भिंतीमागे पसरलेल्या पाण्याला, अभयारण्य लागून आहे, गव्यांचं. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, मग गळ तर लांबच. हद्द कुठे सुरू होते हे पाण्याकडे बघून कळत नाही, म्हणून विचारून जा. आणि कुठल्याही धरणाची भिंत, सांडवा, पाणी सोडायचा मनोरा यांच्याजवळ बसायला बंदी असते. शिकाऊ माणसानं सुरुवात लहान पाण्यावरच करावी, असं मी म्हणेन. गावतलावात तळ लवकर कळतो, फेक चुकली तरी फार बिघडत नाही आणि सात-आठ किलोचा कटला तिथेही असतो.

मे महिन्यात धरण बघून ठेवा

सगळ्यात महत्त्वाचं काम गळ हातात न घेता करायचं आहे, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. आपली धरणं जुलै-ऑगस्टमध्ये भरतात. दिवाळीनंतर उसाला आवर्तनं सुरू होतात आणि पाणी उतरू लागतं. मेअखेर धरणाच्या पोटात काय आहे ते उघडं पडतं. त्या दिवसांत संध्याकाळी उन्हं उतरली की फुगवट्याच्या काठानं एक फेरी मारा.

काय बघायचं? पहिलं म्हणजे ओढ्याचं जुनं पात्र. धरण होण्याआधी जो ओढा नदीला मिळत होता त्याची घळ तळात तशीच असते. मासा खोल पाण्यातून उथळाकडे चरायला येतो तेव्हा बहुधा तिच्या कडेनं येतो. दुसरं, शेताचे जुने बांध आणि ताली. दगडी ताल असेल तर तिच्या खालच्या अंगाला हमखास दोन-तीन फूट जास्त खोली असते. तिसरं, गाळपेर. पाणी मागं सरलं की शेतकरी त्या गाळात पीक घेतात, पुढे पावसाळ्यात ते धसकट-पाला पाण्याखाली जाऊन कुजतं. तिथे सूक्ष्म जीव वाजतगाजत वाढतात आणि कटल्याचं खाणं तेच आहे. चौथं, झाडांची बुडखी. ही टाळायला बघून ठेवायची, कारण मासा त्यांच्यात शिरला की तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) गेला समजा. आणि जुन्या विहिरी. बुडीत क्षेत्रात कठडा नसलेली विहीर असतेच, तिची जागा नीट लक्षात ठेवा. नोव्हेंबरमध्ये गुडघाभर पाण्यात उभं राहायचा मोह होतो तेव्हा ही आठवण जीव वाचवते.

मोबाइलवर फोटो काढा, पण नुसत्या तळाचा काढू नका. फोटोत समोरच्या काठावरचं न बुडणारं काहीतरी आलं पाहिजे: विजेचा खांब, देवळाचा कळस, डोंगराची खोबण, पाण्याच्या टाकीचा मनोरा. ‘घळ ही कळस आणि डाव्या खांबाच्या मधोमध, आंब्यापासून पन्नास पावलं आत’ असं वहीत लिहा. धरण भरल्यावर समोर नुसतं सपाट पाणी दिसतं, आणि तेव्हा या ओळीची किंमत कळते.

मे हुकला असेल तर शिसं टाकून तळ चाचपता येतो. वीस-तीस ग्रॅमचं शिसं बांधून फेका, बुडू द्या आणि हळूहळू ओढा. काठीच्या टोकावर बोट ठेवा. टकटक लागली तर खडक किंवा मुरूम, साबणावरून ओढल्यासारखं गुळगुळीत आलं तर गाळ, जड होऊन सुटलं तर गवत, आणि अडकून बसलं तर बुडखा. दर दहा पावलांवर हे केलं की तासाभरात अर्धा काठ कळतो.

कुठला महिना, कुठली वेळ

पावसाळा सोडून द्या. जून ते ऑगस्ट हे मासे अंड्यांवर असतात, पाणी गढूळ असतं आणि नदीकाठ जिवावर बेततो. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पातळी आली की आपोआप उघडतात, भोगावतीचं पाणी बघता बघता चढतं. बाकीच्या धरणांतूनही विसर्ग वाढवतात तेव्हा खाली कुणी गळ टाकून बसलंय का हे बघायला कुणी येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट, हे आपल्याकडे पोरंसोरंही सांगतात. तरी दरवर्षी पुलावरून गळ सोडणारे दिसतातच.

दसऱ्याला पाणी निवळायला लागतं. दसरा ते नोव्हेंबरअखेर हा पहिला चांगला काळ, फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिल हा दुसरा. मधल्या थंडीत मासा असतो पण खाणं कमी करतो. त्या दिवसांत पहाटे पाचला जाऊन कुडकुडत बसण्यात काही अर्थ नाही. पाणी तापायला वेळ लागतो, दहा-साडेदहापासून चारपर्यंत बसा. उलट मार्च-एप्रिलमध्ये उजाडताना आणि दिवस मावळताना, मधली दुपार घरी.

वाऱ्याबाबत नवखा माणूस नेहमी उलटं करतो. तो वारा लागत नाही असा आडोसा शोधतो, कारण तिथे पाणी शांत दिसतं आणि फ्लोट (दोऱ्यावरचा तरंगता बोंडा) चांगला दिसतो. पण वारा वरच्या थरातलं सगळं बारीक खाद्य ढकलत ज्या काठाला नेऊन लावतो, कटला त्या काठाला जातो. तोंडावर वारा घेऊन बसायची तयारी ठेवा. फेक थोडी कमी जाते, पण मासाही त्या दिवशी जवळ असतो.

पाण्याकडे पंधरा मिनिटं नुसतं बघा, मग सामान उघडा. बुडबुड्यांची बारीक माळ एका जागी येत राहिली तर खाली मृगळ किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) गाळ उकरतोय. कटला वर येऊन लोळतो, पाठ दाखवून आवाज न करता खाली जातो. त्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, खालचा जबडा पुढे असतो, मिशा नसतात. तळाचं उकरून खायला ती रचनाच नाही. तो मधल्या आणि वरच्या थरात पाणी ओढून गाळतो आणि त्यातलं खातो. पुढचं सगळं, गळाची खोली आणि पीठ किती सैल, हे या एका गोष्टीवरून ठरतं.

सामान

नऊ ते दहा फुटी, मध्यम-जड ताकदीची काठी घ्या. रीळ ४००० ते ६००० आकाराचं स्पिनिंग, त्यावर ०.४० मिलिमीटरचा तंगूस निदान दीडशे मीटर. दोन्ही मिळून तीन-साडेतीन हजारांत शिकण्यापुरतं चांगलं सामान येतं. त्याहून महाग घ्यायची घाई नको. पैसे वाचवायचे तर काठीत वाचवा, तंगूस आणि गळात नको. मोठ्या घेराची हातजाळी मात्र पहिल्या दिवसापासून हवी, तोंड निदान अडीच फुटांचं. बिनजाळीचा माणूस मासा काठाला आणून तिथे गमावतो.

गळाचे नंबर उलटे चालतात. नुसता आकडा वाढला की गळ लहान होतो, म्हणजे ८ पेक्षा ४ मोठा. १/० पासून पुढे मात्र आकड्याबरोबर गळ वाढतो. पिठाच्या गोळ्यासाठी २ किंवा ४ नंबरचा, आखूड दांडीचा आणि जाड तारेचा गळ घ्या. गळाचं टोक नखावर हलकेच टेकवून ओढा. घसरलं तर बोथट, रुतून थांबलं तर चालेल.

गाठ एकच शिका पण नीट शिका. तंगूस गळाच्या नाकातून ओवा, टोक मूळ दोऱ्याभोवती सहा वेढे फिरवा, मग ते नाकालगतच्या पहिल्या फटीतून घाला, आणि त्यामुळे झालेल्या मोठ्या फाशातून परत काढा. आता थांबा. गाठ तोंडात धरून ओली करा आणि मगच सावकाश आवळा. कोरडी गाठ आवळली की घर्षणानं तंगूस तापतो, तिथे पांढरट पडतो आणि मोठ्या ओढीला नेमका तिथेच तुटतो. आवळून झाल्यावर वेढे एकमेकांना खेटून स्प्रिंगसारखे दिसले पाहिजेत. एखादा वेढा दुसऱ्यावर चढलेला दिसला तर कापा, परत बांधा. घरी टीव्हीसमोर बसून हे हातात बसवा, काठावर वाऱ्यात बोटं वळत नाहीत.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की तंगूस सुटू देणारा रोध, घरीच लावा. ०.४० चा चांगला तंगूस साधारण दहा किलोला तुटतो. स्प्रिंगचा वजनकाटा तंगूसला अडकवून ओढा, अडीच ते तीन किलोवर रीळ सुटायला लागेल असा ड्रॅग ठेवा. काठावर गेल्यावर त्याला हात लावू नका. मासा पळताना घाबरून ड्रॅग आवळणे हा मोठा मासा गमावायचा सर्वांत सोपा रस्ता आहे.

मांडणी आणि खोली

क्रम असा: तंगूसवर आधी धाग्याची सरकती गाठ (फ्लोट तिच्यापाशी अडतो, म्हणून खोली तिच्यावरून ठरते), मग मणी, मग आरपार भोकाचा फ्लोट, मग एक लहान मणी, स्विव्हल (दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी), आणि स्विव्हलखाली पीठ धरायची स्प्रिंग. स्प्रिंगच्या बुडाला तीन-चार इंचांच्या मऊ विणलेल्या दोऱ्यावर दोन गळ. बाजारात चार-सहा गळांचे तयार झुबके मिळतात. मी दोनच सांगतो. जास्त गळांनी मासा जास्त लागत नाही. मात्र लागल्यावर बाकीचे गळ त्याच्या डोळ्यात, कल्ल्यात नाहीतर तुमच्या बोटात घुसतात आणि जाळीत अडकून बसतात.

खोली मोजायला पिठाऐवजी फ्लोट बुडवेल एवढं शिसं लावा. सरकती गाठ अंदाजानं ठेवून फेका. फ्लोट दिसेनासा झाला तर पाणी त्याहून खोल आहे, गाठ वर सरकवा. फ्लोट आडवा पडला तर उथळ, गाठ खाली घ्या. शेंडा पाण्याच्या वर जेमतेम दिसला की ती तळाची खोली. आता शिसं काढून पीठ लावताना गाठ इतकी कमी करा की गळ तळापासून बराच वर राहील. संध्याकाळी कटला वर लोळताना दिसत असेल तर फ्लोटखाली तीन-चार फूट पुरे. थंडीत दुपारी सहा-आठ फूट. तासभर काही नाही झालं तर पीठ बदलू नका, खोली फूटभर बदला.

पीठ

आता तो चार आण्यांचा विषय. शेंगपेंड एक वाटा, तांदळाचा कोंडा एक वाटा, डाळव्याचं पीठ अर्धा वाटा, चिकटपणापुरता मैदा. पेंड मंद आचेवर कोरडी भाजा, खमंग वास सुटला की उतरवा. करपवू नका. गूळ पाण्यात विरघळवून त्या पाण्यानं मळा, त्यासाठी आपल्याला लांब जायला नको. बडीशेप पूड चमचाभर. झालं. कांदा-लसूण मसाला घरच्या रश्श्यासाठी ठेवा. खरंच घालून बघणारे आहेत, म्हणून लिहिलं.

वासापेक्षा महत्त्वाचं आहे ते पीठ पाण्यात कसं सुटतं. कटला गोळा चावत नाही. गोळ्याभोवती सुटलेल्या ढगात तोंड उघडून ओढत राहतो, त्या ओढीत हलका गळ आत जातो. गोळा घट्ट असेल तर ढगच होत नाही, फार सैल असेल तर फेकतानाच स्प्रिंग रिकामी. म्हणून बादलीची परीक्षा. धरणाचंच पाणी बादलीत घ्या, मोसंबीएवढा गोळा स्प्रिंगवर दाबून हळूच सोडा आणि घड्याळ बघा. पहिल्या तीन-चार मिनिटांत कडा फुलून बारीक कण वर यायला हवेत. कोंड्याचे काही कण वर तरंगतील, पेंडेचे खाली बसतील, मध्ये पिवळसर धूर दिसेल. पंधरा मिनिटांत स्प्रिंगची तार उघडी पडली पाहिजे. अर्ध्या तासानंतरही गोळा साबूत असेल तर मैदा जास्त झालाय, मूठभर कोंडा मिसळा. पाच मिनिटांत कोसळला तर थोडा मैदा. वाऱ्या-उन्हात पीठ सुकतं, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा बघा आणि मधे ओल्या फडक्यानं झाका.

गळ गोळ्यात खोल पुरू नका. एक गोळ्याच्या अंगात टोकापुरता टेकवा, दुसरा मोकळा लोंबू द्या. चारा म्हणून तेच पीठ आणखी सैल करून लिंबाएवढे गोळे सुरुवातीला सात-आठ टाका, नंतर तासाला एखाद-दुसरा. किलो-किलो ओतणारे असतात. त्यानं मासा जेवून जातो आणि तुमचा गोळा तसाच राहतो. सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे दर पंधरा मिनिटांनी गळ काढून नवा गोळा लावून त्याच जागी फेकणं. समोरची खूण धरून, रिळाच्या क्लिपला तंगूस अडकवून दर वेळी तेवढ्याच अंतरावर फेका. दुपारी आळसानं गळ तासभर तसाच राहू दिला की आधीच्या तीन तासांचं काम वाया.

लागल्यावर

फ्लोट सारखा थडथडत असेल तर चिलापी किंवा बारका माल गोळा टोचतोय. हात लावू नका. कटल्याचा इशारा वेगळा असतो. फ्लोट बोटभर बसतो, वर येतो, परत बसतो, कधी नेहमीपेक्षा जास्त उचलला जातो. हे मिनिटभर चालू शकतं आणि नवख्याचा हात इथेच घाई करतो. थांबा. फ्लोट तिरका होऊन एका दिशेला निघाला आणि निघतच राहिला की काठी सावकाश पण ठामपणे उचला. झटका नको. कटल्याचे ओठ जाड पण मऊ असतात, जोराच्या हिसक्यानं फाटतात.

पहिली पळ अडवू नका. मोठा कटला सरळ खोल पाण्याकडे जातो, ड्रॅग करकरत राहील, करकरू द्या. काठी साधारण साठ अंशांवर ठेवा. तो थांबला की काठी उचलत त्याला थोडा आणा, काठी खाली नेताना तेवढाच तंगूस गुंडाळा. बुडख्यांकडे वळला तर काठी आडवी करून बाजूनं ओढा, वरून ओढून वळत नाही. काठावर बघ्यांची गर्दी होते, ‘ओढ की! ओढ की!’ असा आरडाओरडा होतो, कुणीतरी पुढे होऊन तंगूस हातात धरायला बघतो. त्याला आधीच सांगून ठेवा. हातात धरलेला तंगूस तुटतो आणि हातही कापतो.

काठ दिसला की तो परत पळतो. निदान एकदा तरी, बरेचदा तीनदा. जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा तिच्यावर आणा, डोक्याच्या बाजूनं. जाळी घेऊन माशामागे धावू नका. आत आला की काठी सैल सोडून दोन्ही हातांनी जाळीचा घेर धरून उचला, दांड्यावर जोर दिला तर दांडा मोडतो.

गळ पाण्यात असताना काठी नुसती दगडावर टेकवून चहाला जायचं नाही. मोठा मासा काठीसकट सगळं नेतो. खुंटी ठोका आणि काठीची मूठ दोरीनं तिला बांधा.

काठावरचे धोके

नदीकाठी आणि फुगवट्याला शेतीपंपांच्या मोटरी असतात, केबली पाण्याकाठानं आणि कधी पाण्यातून गेलेल्या असतात. कार्बनच्या काठीतून वीज जाते. वर तारा असतील तिथे फेकायचं नाही, गळ केबलला अडकला तर ओढायचा नाही, तंगूस कापून मोकळं व्हायचं. वळवाचं आभाळ भरून आलं की काठी आडवी ठेवून काठापासून दूर जा.

पाणी उतरल्यावरचा गाळ वरून सुकलेला दिसतो आणि आत मांडीपर्यंत रुतवतो. काठीनं चाचपत चला. गवतात घोणस असते, बूट घाला. कृष्णा आणि वारणेच्या काठाला मगरी आहेत, तिथे पाण्यात पाय सोडून बसू नका आणि मासा काठावर साफ करू नका. थर्माकोलच्या तराफ्यावर रोज जाणारे मच्छीमार दिसतील. त्यांचं बघून चढू नका, त्यांचा तो जन्मभराचा तोल आहे. पोहता येत असलं तरी जॅकेट घाला. आणि दोघं मिळून जा, फुगवट्याच्या टोकाला मोबाइलला रेंज नसते.

बंधाऱ्यांवर बसणार असाल तर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातल्यानंतरचा, म्हणजे पावसाळा संपल्यानंतरचा काळ बघा. उन्हाळ्यात पंचगंगेत मळीमिश्रित पाणी किंवा सांडपाणी येऊन मासे तडफडत वर येतात, लोक पोती भरभरून नेतात. असा मासा खाऊ नये आणि त्या पाण्यात गळही टाकू नये. पाण्याला वास किंवा काळपट-तांबूस रंग दिसला की सामान न उघडता परत फिरा.

ठेवायचा की सोडायचा

दोन-तीन किलोचा कटला खायला उत्तम. आठ-दहा किलोच्या पुढचा मला स्वतःला आवडत नाही, मांस जाडसर आणि चरबट लागतं. डोक्याचं कालवण सोडलं तर त्याचं फारसं काही होत नाही. पोट टम्म फुगलेली मादी, आणि कधी गळाला लागलीच तर खडस म्हणजे आपली महसीर, या सोडूनच द्या. सोडायचा असेल तर हात आधी ओले करा, मासा वाळू-मुरमावर ठेवू नका, ओल्या पोत्यावर घ्या. कल्ल्यात बोटं घालून उचलू नका. गळ खोल गेला असेल तर ओढाओढ न करता दोरा जवळून कापा. पाण्यात दोन्ही हातांवर सरळ धरून ठेवा, स्वतः शेपूट मारून निघेपर्यंत. पुढे-मागे घुसळायची गरज नसते. फोटो काढायचा तर एक, आणि तोही पाण्याच्या वर वीतभर धरून.

चिलापी किंवा परदेशी (आफ्रिकन) मांगूर लागला तर परत पाण्यात टाकू नका आणि ‘आमच्या तलावात वाढेल’ म्हणून बादलीतून दुसऱ्या पाण्यात तर अजिबात नेऊ नका. हे मासे एकदा बसले की निघत नाहीत.

नेणार असाल तर निघताना संस्थेच्या माणसासमोर वजन करा, ठरलेले पैसे द्या, आणि आज किती खोलीवर, कुठल्या खुणेवर लागला ते वहीत लिहा. तंगूसचे कापलेले तुकडे खिशात घालून घरी आणा. त्यात बगळ्याचे पाय अडकतात, गुरांच्या चाऱ्यातून ते पोटातही जातात, आणि दुसऱ्या दिवशी गावात पहिली तक्रार गळवाल्यांचीच होते.